पवनारचा बंगला व भरत-राम शिल्प

पवनारचा बंगला व भरत-राम शिल्प : महाराष्ट्र राज्याच्या वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे धाम नदीच्या काठी असलेली एक निवासवास्तू व तिच्या परिसरात मिळालेला प्राचीन शिल्पसमूह. हा बंगला मूळचा उद्योगपती जमनालाल बजाज (१८८९–१९४२) ह्यांचा. १९३८ मध्ये विनोबा भावे (१८९५–१९८२) तेथे राहावयास आले आणि त्यातूनच पुढे परंधाम आश्रम उभा राहिला. आश्रमाच्या जमिनीत वाकाटककालीन, म्हणजे सामान्यतः इ. स. पाचव्या शतकातील, अनेक पाषाणशिल्पे मिळाली. त्यांपैकी राम व भरत ह्यांच्या भेटीचे म्हणून ओळखले जाणारे शिल्प आश्रमातील मंदिरात प्रतिष्ठित आहे. ही शिल्पे प्रथम कोणी व कशासाठी घडवून घेतली आणि आधुनिक काळात त्यांस कोणता अर्थ प्राप्त झाला, हे दोन्ही प्रश्न विदर्भाच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले आहेत.

शिल्प घडवून घेण्याची परंपरा : निवासवास्तूसाठी शिल्प घडवून घेण्याची प्रथा बहुतेक सर्व संस्कृतींत आढळते. तीत सामान्यतः घर आधी असते आणि शिल्प नंतर येते. घराचा धनी विषय सुचवितो, जागा नेमून देतो व खर्चाचा भार उचलतो. शिल्पकार त्या जागेचा प्रकाश, उंची व पार्श्वभूमी ध्यानी घेऊन काम करतो. इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यातील चॅट्सवर्थ ह्या प्रासादाचे सहावे ड्यूक ऑफ डेव्हनशर ह्यांनी इटालियन शिल्पकार आंतोन्यो कानोव्हा ह्यांच्याकडून निद्रिस्त एंडिमिअनची संगमरवरी मूर्ती घडवून घेतली (१८१९–२२) आणि प्रासादात शिल्पांसाठी स्वतंत्र दालन बांधविले, हे ह्या प्रथेचे एक प्रसिद्ध उदाहरण होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पाषाण व कांस्य ह्यांच्या जोडीला ओतीव काचेचाही वापर मोठ्या शिल्पांसाठी होऊ लागला. ह्या माध्यमात साचा तयार करणे, त्यात काच वितळविणे आणि ती तडकू नये म्हणून भट्टीत अत्यंत सावकाश थंड करणे, अशा पायऱ्या असतात. जाडी वाढेल तसा थंड करण्याचा काळही वाढतो व मोठ्या शिल्पास कित्येक आठवडे लागू शकतात. त्यामुळे आकार, जाडी व स्थान ह्यांचा निर्णय घरमालक व शिल्पकार ह्यांना आरंभीच करावा लागतो. माध्यम कोणतेही असो, अशा कामात मागणी, करार व नेमलेली जागा ह्यांची नोंद राहते आणि इतिहासकारास शिल्पाचा कर्ता व करविता ह्या दोहोंचा माग काढता येतो.

पवनार येथे हा क्रम उलटा झाला आहे. तेथील शिल्पे बंगल्याहून सुमारे दीड हजार वर्षांनी जुनी आहेत. ती बंगल्यासाठी कोणी घडविली नाहीत आणि ज्या वास्तूसाठी घडविली ती आज उभी नाही. त्यांच्या करवित्याचे नाव सांगणारा लेखही त्यांवर नाही. त्यामुळे मूळ आश्रयदात्याचा शोध अनुमानानेच घ्यावा लागतो.

बंगला व आश्रम : पवनार हे गाव वर्ध्याच्या ईशान्येस सु. ८ किमी. अंतरावर, वर्धा–नागपूर रस्त्यावर वसले आहे. वर्धा हे जमनालाल बजाज ह्यांच्या सार्वजनिक कार्याचे केंद्र होते. त्यांच्या आग्रहावरून वर्ध्यास सत्याग्रहाश्रमाची शाखा निघाली व तिची जबाबदारी घेऊन विनोबा एप्रिल १९२१ मध्ये तेथे आले. जमनालालजींनी १९२८ मध्ये वर्ध्यातील लक्ष्मीनारायण मंदिर तथाकथित अस्पृश्यांना खुले केले. महात्मा गांधी १९३४ मध्ये वर्ध्यास राहावयास आल्यावर त्यांनी आपली बाग व तीतील घर ग्रामोद्योग संघास दिले. तेच पुढे मगनवाडी म्हणून प्रसिद्धीस आले. संपन्न गृहस्थाची विश्रांतीची वास्तू सार्वजनिक कामास लागावी, हा वर्धा जिल्ह्यातील त्या काळचा एक ठळक प्रवाह होता. पवनारच्या बंगल्याचा इतिहास ह्याच प्रवाहात मोडतो.

१९३८ च्या आरंभी विनोबांची प्रकृती अतिशय खालावली होती. गांधींनी त्यांना हवापालटासाठी अन्यत्र जाण्यास सुचविले. दूरच्या थंड हवेच्या ठिकाणी न जाता विनोबांनी पवनारचा हा रिकामा बंगला पसंत केला आणि ७ मार्च १९३८ रोजी ते तेथे आले. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी आपल्या सर्व कामांच्या चिंतेचा मनोमन त्याग केला, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. धाम नदीच्या पलीकडचे स्थान म्हणून त्यांनी त्यास ‘परंधाम’ हे नाव दिले. श्रेष्ठ धाम हा त्या शब्दाचा रूढ अर्थही त्यात साधला गेला. तेथे त्यांनी प्रकृतिसुधारणेसाठी शेतात खोदण्याचा व्यायाम सुरू केला. आरंभी काही मिनिटेच चालणारे हे काम त्यांनी क्रमाक्रमाने वाढवीत नेले. त्याचा त्यांच्या शरीरावर चांगला परिणाम झाला.

परंधाम पुढे राष्ट्रीय जीवनातील अनेक घटनांशी निगडित झाले. वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधींनी विनोबांची निवड केली व १७ ऑक्टोबर १९४० रोजी त्यांनी पवनार येथे युद्धविरोधी भाषण करून सत्याग्रहास आरंभ केला. गांधींच्या अस्थींचे धाम नदीत विसर्जन १२ फेब्रुवारी १९४८ रोजी झाले. त्याच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी मेळा भरतो. २५ मार्च १९५९ रोजी विनोबांनी ह्याच ठिकाणी ब्रह्मविद्या मंदिर हा मुख्यतः स्त्रियांचा सामूहिक साधनेचा आश्रम स्थापन केला. १९७० पासून विनोबांचे वास्तव्य पुन्हा पवनारला होते आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

धुळ्याच्या कारागृहातील कल्पना : भरत-राम शिल्पाचा आधुनिक इतिहास पवनारच्या आधी, धुळे येथील कारागृहात सुरू होतो. १९३२ साली तेथे कारावासात असताना विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून ह्या काळात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली. बाराव्या अध्यायाच्या विवेचनात सगुण व निर्गुण भक्तीचा भेद स्पष्ट करण्यासाठी त्यांनी लक्ष्मण व भरत ह्यांची उदाहरणे घेतली आहेत. लक्ष्मण रामाच्या सतत सान्निध्यात राहून सेवा करतो, तर भरत दूर राहून रामाचे काम करतो. पहिली सगुण भक्ती, दुसरी निर्गुण. परंतु दोन्ही परस्परपूरक, असा त्यांचा आशय आहे.

ह्या ओघात वनवास संपल्यानंतरच्या राम-भरत भेटीचे चित्र एखाद्या चित्रकाराने काढावे, असे विनोबांनी सुचविले. वनात राहिलेला राम व नगराबाहेर व्रतस्थ राहिलेला भरत हे दोघेही तपाने सारखेच झालेले असतील, वयाचा थोडा फरक सोडता ह्यातील वनातून आलेला कोण हे ओळखू येऊ नये, असे त्या चित्राचे स्वरूप त्यांनी वर्णिले. ही मागणी विशिष्ट कलावंताकडे केलेली नव्हती व तिच्यामागे करार वा मोबदला नव्हता. तथापि तीत विषय, आकृतींची मांडणी व अपेक्षित भाव ही तिन्ही अंगे निश्चित झालेली होती. कलाकृती घडवून घेऊ इच्छिणारा जे काही ठरवितो, त्यांतील बहुतेक बाबी तीत आढळतात. पवनारच्या शेतातून निघालेल्या शिल्पाकडे विनोबांनी ज्या दृष्टीने पाहिले, तिचे मूळ ह्या प्रवचनात आहे.

शिल्पांची प्राप्ती : पवनारच्या जमिनीत खोदताना विनोबांना एक कोरीव पाषाण मिळाला. त्यावरील प्रसंग राम व भरत ह्यांच्या भेटीचा आहे, असे त्यांनी ओळखले. धुळ्यास आपण ज्या चित्राची इच्छा केली तेच येथे शिल्परूपाने आपणांस लाभले, अशी त्यांची भावना झाली. ह्या शिल्पाची त्यांनी आश्रमात प्रतिष्ठापना केली व भरत-राम मंदिर ह्या नावाने ते स्थान ओळखले जाऊ लागले. आश्रमाच्या परिसरात अशी आणखीही शिल्पे व वास्तुखंड मिळाले. त्यांत कथाप्रसंग कोरलेले पट्ट आहेत, तसेच मकरवाहना गंगेची एक सुबक मूर्तीही आहे. ही शिल्पे दूरच्या संग्रहालयात न जाता आश्रमातच राहिली.

शेतकामाच्या ओघात झालेल्या ह्या प्राप्तीमुळे शिल्पे वाचली, परंतु तिला एक मर्यादाही आहे. शास्त्रीय उत्खननात प्रत्येक वस्तू कोणत्या थरात, किती खोलीवर व कोणत्या वस्तूंच्या सोबत मिळाली ह्याची नोंद होते. येथे तशी नोंद नसल्यामुळे शिल्पांचा काल मुख्यतः शैलीवरून ठरवावा लागतो व ज्या मंदिराचे ते भाग होते त्याच्या विधानाची कल्पना करणे कठीण होते. नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव व म. के. ढवळीकर ह्यांनी १९६७ मध्ये पवनार येथे उत्खनन केले व त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. वाकाटकांच्या आधीपासून मध्ययुगापर्यंत ह्या स्थळी वस्ती होती, हे त्यावरून दिसून आले. मोगल काळातही पवनारचे महत्त्व टिकून होते. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून पवनारची नोंद आहे.

मूळ आश्रयदात्याचा प्रश्न : शिल्पांच्या शैलीवरून ती वाकाटकांच्या ज्येष्ठ शाखेच्या अमदानीतील ठरतात. ह्या शाखेतील दुसरा रुद्रसेन ह्याचा विवाह गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त ह्याची कन्या प्रभावतीगुप्ता हिच्याशी झाला होता. पतीच्या अकाली निधनानंतर तिने अल्पवयीन पुत्र दिवाकरसेन ह्याच्या नावे राज्यकारभार पाहिला. पुणे येथे मिळालेल्या ताम्रपटात तिने आपले पितृकुल अभिमानाने नमूद केले असून स्वतःस भगवंताची अनन्य भक्त म्हटले आहे. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर येथील ताम्रपट तिने रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिला आहे. रामगिरी म्हणजे सांप्रतचे रामटेक, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. रामटेकच्या केवल-नरसिंह मंदिरातील शिलालेखात तिच्या नावावरून प्रभावतीस्वामी असे अभिधान दिलेल्या विष्णुमंदिराचा उल्लेख येतो. राजकुलातील व्यक्तीच्या नावे देवालय उभारण्याची प्रथा वाकाटकांत होती, हे त्यावरून स्पष्ट होते.

प्रभावतीगुप्तेचा पुत्र दुसरा प्रवरसेन हा इ. स. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करीत होता. त्याच्या ताम्रपटांत तो स्वतःस परममाहेश्वर म्हणवितो. असे असूनही सेतुबंध (रावणवहो) हे रामकथेवरील महाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्य परंपरेने त्याच्या नावे आहे. शैव राजाने रामकथेवर काव्य रचावे, ह्याचे कारण मातेच्या वैष्णव निष्ठेत शोधले जाते. प्राच्यविद्यापंडित वासुदेव विष्णु मिराशी (१८९३–१९८५) ह्यांनी ह्याच सूत्राने पवनारच्या शिल्पांचा अर्थ लावला. त्यांच्या मते ही शिल्पे रामकथेतील प्रसंगांची असून प्रवरसेनाने आपल्या मातेसाठी बांधविलेल्या रामचंद्राच्या मंदिराचे ते अवशेष होत. हे मत ग्राह्य मानल्यास पवनारची शिल्पे म्हणजे पुत्राने मातेच्या उपासनेसाठी करविलेल्या कामाचे उदाहरण ठरते.

वाकाटककालात दान व निर्मिती ह्यांची नोंद करण्याची पद्धत सर्वत्र सारखी नव्हती. अजिंठ्याचे सोळावे लेणे वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव ह्याने करविले, हे तेथील लेखावरूनच समजते. सव्विसाव्या लेण्यातील लेखात बुद्धभद्र ह्या भिक्षूचे नाव आहे. भूमिदानांच्या नोंदी तर अधिकच तपशीलवार आहेत. अठराव्या राज्यवर्षी दिलेल्या चम्मक ताम्रपटात प्रवरसेनाने एक हजार ब्राह्मणांना आठ हजार भूमी इतके क्षेत्र दान केल्याचे नमूद केले आहे. जमीन किती, कोणास व कोणत्या अटींवर दिली ते तांब्यावर कोरले गेले. मात्र पवनारचे मंदिर करविणाऱ्याचे वा शिल्पे कोरणाऱ्याचे नाव सांगणारा लेख उपलब्ध नाही. कारागिराचे अनामिकत्व ह्या काळात नेहमीचेच होते. आश्रयदात्याविषयीचे मौन मात्र पवनारच्या बाबतीत विशेष अडचणीचे ठरते.

प्रवरपूरचा वाद : प्रवरसेनाचे आरंभीचे ताम्रपट नंदिवर्धन येथून, तर अठराव्या राज्यवर्षाचे चम्मक व सिवनी येथील ताम्रपट प्रवरपूर येथून दिलेले आहेत. अकराव्या वर्षाचे बेलोरा ताम्रपट नंदिवर्धनहून दिले असल्याने त्यानंतर व अठराव्या वर्षापूर्वी राजधानी हलविली असावी, असे अनुमान निघते. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन होय. प्रवरपूर म्हणजे पवनार, असे मत मिराशी ह्यांनी मांडले. नावाचे साम्य, गावातील प्राचीन अवशेष आणि आश्रमातील शिल्पे हे त्याचे प्रमुख आधार होते. त्यांच्या वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ (१९५७) ह्या मराठी ग्रंथामुळे व वाकाटकांच्या कोरीव लेखांच्या संपादनामुळे (१९६३) हे मत सर्वत्र प्रसृत झाले आणि दीर्घकाळ प्रमाण मानले गेले.

नागपूर जिल्ह्यात रामटेकजवळ मनसर येथे जगत्पती जोशी व अ. कु. शर्मा ह्यांच्या मार्गदर्शनाखाली १९९७-९८ पासून उत्खनने झाली, तेव्हा ह्या प्रश्नास नवे वळण मिळाले. तेथे वाकाटककालीन विस्तीर्ण वास्तू व उत्कृष्ट शिल्पे उजेडात आली. प्रवरेश्वर हे नाव असलेल्या मुद्राही मिळाल्या. प्रवरेश्वर हे प्रवरसेनाच्या नावावरून ओळखले जाणारे शिवस्थान असल्याने मनसर हेच प्रवरपूर होय, असे मत पुढे आले व त्यास अनेक अभ्यासकांचा पाठिंबा मिळाला. तरीही प्रवरपूर नावाचे नगर व प्रवरेश्वर नावाचे देवस्थान एकाच ठिकाणी असलेच पाहिजे असे नाही, हा आक्षेपही लक्षात घ्यावा लागतो.

ह्या वादात पवनारच्या शिल्पांच्या उपयोगाविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. राजाश्रयाने घडलेली शिल्पे येथे मिळतात म्हणून पवनार हे प्रवरपूर, आणि पवनार हे प्रवरपूर म्हणून येथील शिल्पे राजाश्रयाने घडलेली, असा युक्तिवाद केल्यास साध्य व साधन एकच होऊन बसतात. शिल्पांच्या आधारे निश्चितपणे एवढेच म्हणता येते, की वाकाटककालात पवनार येथे उत्तम शिल्पकाम करवून घेण्याइतके सामर्थ्य असलेला आश्रयदाता होता व मूर्तींनी अलंकृत असे देवालय तेथे उभे होते. तो आश्रयदाता स्वतः प्रवरसेन होता, राजकुलातील अन्य कोणी होता की एखादा अधिकारी होता, हे ठरविण्यास स्वतंत्र पुरावा हवा. राजधानीचा प्रश्न मनसरच्या बाजूने सुटला, तरी पवनारच्या शिल्पांचे मोल त्यामुळे उणावत नाही. उलट, वाकाटकांच्या कलाश्रयाचा विस्तार रामटेकच्या परिसराबाहेर वर्ध्याच्या खोऱ्यापर्यंत झाला होता, हे त्यांवरून सिद्ध होते.

प्रसंगांची ओळख : पट्टांवर प्रसंगांची नावे कोरलेली नसल्यामुळे त्यांची ओळख आकृतींच्या संख्येवरून, हावभावांवरून, आयुधांवरून व परस्परसंबंधावरून करावी लागते. वाली-सुग्रीव युद्ध, वालीचा अंत ह्यांसारखे प्रसंग मिराशी ह्यांच्या वाचनात येतात. पाचव्या शतकातील मंदिरावर रामकथा एवढ्या विस्ताराने कोरलेली असल्यास ती भारतातील रामकथाशिल्पांच्या प्राचीन मालिकांपैकी एक ठरते. नाचणा व देवगढ येथील गुप्तकालीन शिल्पांशी तिची तुलना होऊ शकते. डच भारतविद्यावंत हान्स बाकर ह्यांनी वाकाटकांच्या मूर्तिविज्ञानावरील आपल्या ग्रंथात (१९९७) पवनारच्या शिल्पांचा ज्येष्ठ शाखेच्या इतर शिल्पांसह साकल्याने विचार केला आहे. सर्व पट्टांच्या ओळखीविषयी अभ्यासकांत अद्याप एकमत झालेले नाही.

भरत-राम भेटीच्या शिल्पासही हीच मर्यादा लागू आहे. रामकथेत ह्या दोघा भावांची भेट दोनदा होते : एकदा चित्रकूटावर, भरत रामास परत नेण्यासाठी येतो तेव्हा; व दुसऱ्यांदा वनवासाच्या अखेरीस. पहिल्या भेटीत पित्याच्या निधनाचे दुःख व राज्याचा पेच आहे, तर दुसरीत प्रतीक्षेची समाप्ती आहे. विनोबांच्या मनात धुळ्यास जे चित्र होते ते दुसऱ्या भेटीचे. त्यांनी शिल्पाचा अर्थ साधकाच्या दृष्टीने लावला आणि मिराशी ह्यांनी ताम्रपट व वाङ्मय ह्यांच्या आधारे. दोघांची वाट निराळी असली, तरी दोघेही रामकथेपाशीच येऊन पोहोचले, ही लक्षणीय गोष्ट होय. तथापि एका वाचनास दुसऱ्याचा पुरावा मानणे योग्य ठरत नाही. भक्तीने दिलेला अर्थ आधुनिक इतिहासाचा भाग आहे. शिल्पीच्या मनातील अर्थाचा निर्णय मात्र मूर्तिविज्ञानानेच करावा लागतो.

शैली : वाकाटकांच्या ज्येष्ठ शाखेची पाषाणशिल्पे रामटेक, नगरधन, मांढळ, मनसर व पवनार ह्या परिसरांत मिळाली आहेत. भरीव पण मृदू घडणीची शरीरे, कुरळ्या केसांची टोपासारखी रचना, ठसठशीत कर्णभूषणे, मोजके अलंकार व शांत मुद्रा ही त्यांची सामान्य लक्षणे होत. गुप्त कलेशी तिचे नाते स्पष्ट असले, तरी विदर्भातील शिल्पींनी आकृतींस एक प्रकारचा जडपणा व जिव्हाळा दिला आहे. पवनारची गंगा ह्या शैलीचे एक उत्तम उदाहरण मानली जाते. गंगा व यमुना ह्यांच्या मूर्ती गुप्तकालीन मंदिरांच्या द्वारशाखांवर येत. त्यामुळे गंगेची मूर्ती हीदेखील पवनार येथे मंदिर असल्याचे एक गमक ठरते.

उपास्य मूर्ती की पुरावस्तू : आश्रमात शिल्पाची प्रतिष्ठापना झाल्याने त्याचे स्वरूप दुहेरी झाले. मंदिराच्या भिंतीवरील कथापट्ट मूळात पूजेची मूर्ती नसतो. तो देवालयाचे अलंकरण असतो व भाविकास कथेचे स्मरण करून देतो. पवनार येथे असा शिल्पखंड उपासनेच्या केंद्रस्थानी आला. मूर्तिपूजा अनिवार्य आहे असे विनोबा मानीत नसत व ती त्याज्यही समजत नसत. सगुण व निर्गुण ह्यांचा समन्वय हा त्यांच्या विचाराचा गाभा होता आणि राम-भरत भेटीचा विषय त्या समन्वयाचेच प्रतीक होता. पट्टात राम एकटा नाही, भरतासह आहे. म्हणून त्यास राममंदिर न म्हणता भरत-राम मंदिर म्हटले गेले व नावात भक्ताला अग्रस्थान मिळाले.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने प्राचीन शिल्पांची जागा संग्रहालयात असावी, असे मत मांडले जाते. तेथे त्यांचे संरक्षण, छायाचित्रण व तौलनिक अभ्यास सुलभ होतो. उलटपक्षी, शिल्प ज्या भूमीत मिळाले तेथेच राहिल्याने त्याचा स्थळाशी असलेला संबंध तुटत नाही. भारतात १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाने ठराविक प्रकारच्या प्राचीन वस्तू खासगी व्यक्ती वा संस्था ह्यांच्याकडे ठेवण्यास मुभा असली, तरी त्यांची नोंदणी आवश्यक केली. पवनारचे शिल्प आश्रमातच राहिल्यामुळे मूळ भूमीशी त्याचे नाते अबाधित आहे व ते अभ्यासकांप्रमाणेच सामान्य यात्रेकरूंच्याही दृष्टीस पडते.

जिल्ह्यातील इतर उदाहरणे : वर्धा जिल्ह्यातील गांधीयुगीन वास्तूंत शिल्पास मिळालेले स्थान पाहता पवनारचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी सेगाव येथे गेले. १९४० मध्ये त्या गावास सेवाग्राम हे नाव मिळाले. तेथील बापू कुटी मूळची मीराबेन ह्यांची. तिच्या मातीच्या भिंतींवर मीराबेन ह्यांनी ताडाची झाडे, चरखा व ओंकार ह्यांच्या उठावदार आकृती मातीतच घडविल्या आहेत. राहणारी व्यक्ती स्वतःच कलावंत आणि भिंतीची माती हेच शिल्पाचे माध्यम, अशी ही एकरूपता आहे. वर्ध्याच्या गोपुरी येथील गीताई मंदिर (१९८०) हे मात्र हेतुपूर्वक करविलेल्या कामाचे उदाहरण होय. जमनालालजींचे पुत्र कमलनयन बजाज ह्यांच्या कल्पनेतून ते साकार झाले. त्यात मूर्ती नाही व छतही नाही. विनोबांच्या गीताईतील श्लोक कोरलेल्या शिळा गाय व चरखा ह्यांच्या आकृतिबंधात उभ्या केल्या आहेत. सेवाग्रामचे शिल्प घराच्याच मातीतून झाले व गोपुरीचे आराखड्यातून. पवनारचे मात्र ना निवाऱ्याच्या गरजेतून आले, ना योजनेतून. ते जमिनीतून आले व घराने त्यास सामावून घेतले.

महत्त्व : पवनारच्या शिल्पांच्या वाटचालीत तीन निरनिराळे कर्तृत्व दिसून येतात. पहिले, पाचव्या शतकात ती करविणाऱ्या अज्ञात आश्रयदात्याचे व घडविणाऱ्या अनामिक शिल्पींचे. दुसरे, नांगर व कुदळ ह्यांच्या वाटेत आलेला पाषाण फेकून न देता त्याचे मोल जाणणाऱ्या विनोबांचे. आणि तिसरे, ताम्रपट, साहित्य व मूर्तिविज्ञान ह्यांच्या साहाय्याने त्याचा ऐतिहासिक संदर्भ शोधणाऱ्या संशोधकांचे. ह्या तिघांचे हेतू भिन्न होते. आश्रयदात्यास देवालय हवे होते, विनोबांना समन्वयाचे प्रतीक गवसले आणि संशोधकांना हरवलेल्या राजधानीचा माग हवा होता. ह्या हेतूंची सरमिसळ झाल्यास इतिहासाचे आकलन गढूळ होते. ते वेगळे ठेवल्यास प्रत्येकाचे मोल उजळून दिसते. विश्रांतीसाठी बांधलेला एक बंगला, व्रतस्थ जीवनासाठी त्याचा झालेला स्वीकार आणि त्याच्या जमिनीतून वर आलेले एका विस्मृत मंदिराचे अवशेष, ह्यांच्या योगाने पवनार हे विदर्भाच्या प्राचीन व अर्वाचीन इतिहासांस जोडणारे स्थळ ठरले आहे.